भिंत वाजवणारे घरमालक

घरमालक कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंत वाजवायचे. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून दोन टिचक्या, मग कान थोडा तिरपा. "जिप्सम," म्हणजे पोकळ, असं म्हणून ते आत यायचे. फार क्वचित "ब्लॉक", म्हणजे भरीव, म्हणायचे, आणि तसं म्हणाले की त्या घरातल्या चहाला आपोआप चव आहे असं धरून चालायचे. बर दुबई भागातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बैठकीची भिंत वाजवली, आणि पलीकडून कुणीतरी तितक्याच टिचक्या परत दिल्या. तो शेजारचा फ्रान्सिस होता, वसईचा, एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरीला. त्याला वाटलं मी चहाला बोलावतोय. तो आला, चहा प्यायला, आणि पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी येत राहिला. घरमालकांनी माझ्या घराविषयी निष्कर्ष काढला, "भिंत पोकळ आहे, पण माणसं लागून आहेत."

त्यांना घरमालक म्हणायचं कारण सरळ होतं. आमच्या मराठी गोतावळ्यात सगळे भाडेकरू होते. खिळा ठोकायचा तर डिपॉझिट आठवणारी माणसं. घरमालकांनी मात्र शहराच्या वाळवंटाकडच्या बाजूला एका कम्युनिटीत टाउनहाउस विकत घेतलं होतं, हप्त्यांवर. ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमाला आमची ओळख झाली तेव्हा ते स्टेजमागचं पार्टिशन वाजवत होते. मी काय करतो, असं त्यांनी विचारलं. एका इंग्रजी दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत घरमालकांना सल्ले लिहितो, असं मी सांगितलं. "तुमचं घर कुठं आहे?" त्यांनी विचारलं. नाही, म्हणालो. त्या दिवसापासून ते मला संपादक म्हणू लागले. मी उपसंपादकही नव्हतो, हे त्यांना माहीत होतं.

आमचं नातं मात्र व्यावसायिक पायावर उभं राहिलं. पुरवणीला घरमालक लागत, आणि माझ्या ओळखीत एकच होता. 'एका घरमालकाने सांगितलं', 'अनेक घरमालकांचा अनुभव असा', 'नाव न छापण्याच्या अटीवर एक रहिवासी म्हणाले' हे सगळे तेच. पाण्याची टाकी, एसीचे डक्ट, वाळवी, बागेतलं गवत, प्रत्येक विषयावर मी त्यांना फोन करायचो. ते इंजिनियर होते; ऑफिसात असले तरी बाहेर जिन्यात येऊन बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "लिहून घे, संपादक, हे कुणी सांगणार नाही तुला." बहुतेक वेळा ते खरं असे, कारण दुसऱ्या कुणाला मी विचारतच नव्हतो.

त्यांच्या घरातली सर्वात चर्चेची वस्तू म्हणजे फायरप्लेस. बिल्डरने आराखडा कुठल्या तरी थंड देशातून आणला असावा. बैठकीच्या मधल्या भिंतीत दगडी चौकट, आत काळा कोनाडा, आणि वर छपराबाहेर निघालेली खरी चिमणी. ज्या शहरात थंडीचा अर्थ पंखा बंद करणं एवढाच आहे, तिथे हे. लोक यायचे, बघायचे आणि हसायचे. त्या कोनाड्यात काकूंनी, म्हणजे घरमालकांच्या पत्नीने, एक मनीप्लँट ठेवला होता. तो तिथल्या अंधारात मरायचा आणि मग नवा यायचा.

काकूंनी त्या घराला कधी घर म्हटलं नाही. त्या 'व्हिला' म्हणायच्या, आणि तेही दुसऱ्याच्या वस्तूचं नाव घ्यावं तसं. त्या पैशात पुण्यात दोन फ्लॅट झाले असते, असं त्यांचं गणित होतं आणि ते बरोबर होतं. "हे घर नाही रे," त्या मला एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हा हप्ता आहे. आपण हप्त्यात राहतो." फायरप्लेसच्या भिंतीमागे एक स्टोअररूम होती. तिथे त्यांच्या मुंबईहून आलेल्या सामानाचे खोके जमिनीपासून छतापर्यंत रचलेले होते. प्रत्येकावर मार्करने 'पुणे' लिहिलेलं. ते पुण्याला गेल्यावरच उघडायचे होते. रोजच्या वापराला काकूंनी मीना बाझारजवळून स्वस्तातली भांडी आणली होती, परत जाताना फेकून देता येतील अशी.

एका हिवाळ्यात पुरवणीच्या प्रमुख बाईंनी मला विषय दिला, 'चिमणी सफाईचा खर्च : घरमालकांना काय माहीत असायला हवं'. दुबईत चिमण्या किती, असं मी विचारलं. "हबीबी, पान रिकामं आहे," त्या म्हणाल्या. पत्रकारितेत याहून सबळ कारण मी आजवर ऐकलेलं नाही. मी घरमालकांना फोन लावला. त्यांनी चिमणी कधीच साफ केली नव्हती, पण त्याने त्यांना अडचण आली नाही. "हे बघ, झाडण्याचे पैसे थोडे असतात, चढण्याचे जास्त. फोनवर सांगितलेला भाव म्हणजे भाव नाही, माणूस छप्पर बघून गेला की मग भाव. आणि स्वस्तातला माणूस वर चढेपर्यंतच स्वस्त असतो." हे सगळं ते पाण्याच्या टाकीच्या अनुभवावरून सांगत होते, हे मला नंतर कळलं. मी ते तज्ज्ञतेच्या सुरात लिहिलं. त्यात वर्षातून एकदा थंडीआधी तपासणी करावी, पक्ष्याचं घरटं निघाल्यास त्याचा खर्च वेगळा का हे आधीच विचारावं, सर्टिफिकेट भावात धरलंय का हे पाहावं, अशी भर मी माझ्या कल्पनेतून घातली. लेख छापून आला. घरमालकांनी कात्रण काढून फ्रिजवर लावलं.

त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या कंपनीने त्यांचा विभाग गुंडाळला. साठी जवळ आलेली, दुसरी नोकरी मिळण्यासारखी नव्हती. हप्ते उरले होते. घर विकायचं आणि पुण्याला जायचं, हे दोघांनी एका दुपारी जेवताना ठरवलं, असं काकूंनी मला सांगितलं. वाद झाला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं होतं. एकच गोष्ट मध्ये होती. त्यांची मुलगी सई, इथेच वाढलेली, हिचं ओंकारशी लग्न ठरलं होतं. कायदेशीर नोंदणी आधीच झाली होती, विधी राहिले होते. घरमालकांचं म्हणणं, लग्न घरातच होईल. हॉल घ्या, मंडळी म्हणाली. हॉलमध्ये होमाचा धूर झाला की फायर अलार्म वाजतो आणि मंगलाष्टकं स्प्रिंकलरखाली म्हणावी लागतात, असा एक किस्सा तेव्हा सगळीकडे फिरत होता. पण घरमालकांचं कारण ते नव्हतं. ते मला कारमध्ये म्हणाले. समोर बघत, सिग्नलला उभे असताना.

"संपादक, एवढी वर्षं हप्ते भरले. त्या घरात आमच्या हातून एक तरी गोष्ट अशी व्हायला हवी, की ती भाड्याच्या घरात झाली नसती. नाहीतर ही म्हणते तेच खरं."

ही म्हणजे काकू. सिग्नल हिरवा झाला, एवढंच मी सांगितलं. भाड्याच्या घराविषयी बोलायचा अधिकार माझा, घराविषयी त्यांचा, अशी आमची वाटणी होती.

कम्युनिटीच्या व्यवस्थापनाला मेल गेली. उत्तर आलं, की बागेत, अंगणात किंवा बैठकीच्या मध्यभागी उघडा जाळ करता येणार नाही. मात्र फायरप्लेस मंजूर आराखड्यात असल्यामुळे तीत जाळ करायला हरकत नाही. अट एवढीच, की चिमणी परवानाधारक कंपनीकडून साफ करून घ्यावी आणि तसं सर्टिफिकेट जोडावं. घरमालकांनी ती मेल मला मोठ्याने वाचून दाखवली. इतक्या वर्षांत त्यांच्या फायरप्लेसचं कुणी गांभीर्याने नाव घेतलं नव्हतं. होम फायरप्लेसमध्ये होणार होता. सई म्हणाली, "बाबा, धिस इज सो वियर्ड. आय लव्ह इट." काकूंनी मनीप्लँट उचलून खिडकीत ठेवला.

आता चिमणी झाडणारा माणूस हवा होता. घरमालकांनी फ्रिजवरचं कात्रण काढलं आणि चष्मा लावून त्यातला सल्ला पाळायला सुरुवात केली. घरमालकांनी काय करावं हे त्यात एका घरमालकाने सांगितलं होतं. तो घरमालक आपणच, हे ते विसरले होते की त्याने काही बिघडत नाही असं त्यांना वाटत होतं, मी विचारलं नाही. तीन ठिकाणी भाव विचारावेत, असं लेखात होतं. पहिली कंपनी एसीवाली निघाली, तिने डक्टचा फोटो मागवला. दुसरीने फोनवर साडेतीनशे दिरहम सांगितले, "म्हणजे आठ-साडेआठ हजार रुपये," घरमालक लगेच म्हणाले, आणि मग त्या कंपनीने विचारलं की चिमणी गॅसच्या शेगडीवरची ना. तिसरी कंपनी सापडेना. शेवटी फ्रान्सिसने सुचवलं, की त्याच्या हॉटेलचे एक्झॉस्ट साफ करणारी माणसं रास अल खोरला आहेत, त्यांना विचारू.

त्यांचा सुपरवायझर आला. त्याने फायरप्लेसमध्ये डोकं घातलं, वर बघितलं आणि बाहेर येऊन प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, होटल का डक्ट रोज करता है. ये वाला टीव्ही में देखा है." मग तो छपरावर गेला आणि तो खाली येईपर्यंत भाव वाढत गेला. शिडी पुरणार नव्हती, परांची लागणार होती. वर टोपी नव्हती, ती बसवावी लागणार होती. आत साळुंक्यांचं जुनं घरटं होतं, खूप वाळू होती आणि बांधकामाच्या वेळी कुणीतरी टाकलेलं सिमेंटचं रिकामं पोतं होतं. प्रत्येकाचे पैसे वेगळे. सर्टिफिकेटचे आणखी वेगळे. सगळं मिळून चौदाशे दिरहम. "तेहतीस-चौतीस हजार," काकू आतून म्हणाल्या. त्यातला झाडण्याचा भाग सगळ्यात लहान होता. पाण्याच्या टाकीवरून केलेलं घरमालकांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं होतं आणि त्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

तरीही घासाघीस व्हायला हवी होती. त्यांनी कात्रण पुढे केलं. घरट्याचा खर्च आधी सांगायला हवा, असं इंग्रजी पेपरात छापून आलंय, म्हणाले. हे कुणी लिहिलं, असं सुपरवायझरने विचारलं. घरमालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो आदराने माझ्याकडे वळला.

"सर, आप चिमनी का काम करता है?"

नाही, म्हणालो.

"आप का घर में है?"

तेही नाही.

त्याने घरमालकांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि घरट्याचे पैसे माफ केले. माझ्या लेखाचा प्रत्यक्ष झालेला हा एकमेव फायदा, आणि तोही दयेपोटी होता असा माझा अंदाज आहे.

चिमणी साफ झाली, टोपी बसली, सर्टिफिकेट मिळालं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रहमखासाठी गुरुजी आले. गुरुजी शारजाला एका मालवाहू कंपनीत हिशेब बघत आणि सुट्टीच्या दिवशी पौरोहित्य करत. त्यांना तयारी दाखवण्यात आली. फायरप्लेसमध्ये तांब्याचं होमकुंड, बाजूला समिधा, समोर पाट. गुरुजींनी वाकून बघितलं, सरळ झाले आणि हिशेबात एक आकडा जुळत नसल्यासारखे थांबले.

"यजमान, लाजाहोमाला वधूवरांना अग्नीभोवती फिरायचं असतं."

"हो ना," घरमालक म्हणाले.

"हा भिंतीत आहे."

त्या बैठकीत तेव्हा एक इंजिनियर होता, एक हॉटेलचा आचारी होता, पार्लरला निघालेली, परदेशात शिकलेली मुलगी होती आणि फायरप्लेस या विषयावर छापील लेख असलेला एक पत्रकार होता. गेला महिनाभर आम्ही त्या कोनाड्याविषयी दुसरं काही बोललो नव्हतो. मेल, परवानगी, भाव, परांची, सर्टिफिकेट, सगळं झालं होतं. भिंतीतल्या अग्नीला प्रदक्षिणा घालता येत नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. फ्रान्सिस म्हणाला, "आमच्यात बरं आहे, आम्ही नुसते सरळ चालतो." कुणी हसलं नाही.

घरमालक खाली बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंकडे म्हणायला पुष्कळ होतं, आणि त्या ते म्हणाल्या नाहीत.

मग घरमालक उठले आणि त्यांनी भिंत वाजवली. फायरप्लेसच्या डावीकडे, मग उजवीकडे. कान तिरपा केला. डावीकडच्या दाराने ते स्वयंपाकघरात गेले. तिथून स्टोअररूमचं दार उघडल्याचा आवाज आला, मग खोक्यांना धडकल्याचा. थोड्या वेळाने ते अंगणातून वळसा घालून उजवीकडच्या पॅसेजमधून परत आले आणि त्यांनी स्टोअररूमचं तिकडचं दार बाहेरून ढकलून दाखवलं. ते थोडं उघडलं आणि खोक्यांवर अडलं.

"गुरुजी, बैठकीतून निघायचं, किचनमधून स्टोअररूममध्ये, स्टोअररूममधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून परत इथे. अग्नी मध्येच राहतो की नाही?"

गुरुजींनी तर्जनीने हवेत वर्तुळ काढून बघितलं. "उजव्या हाताला राहतो," ते म्हणाले. "मध्ये भिंत नसावी, असं मला तरी कुठे वाचल्याचं आठवत नाही."

वाट होती. ती 'पुणे' लिहिलेल्या खोक्यांनी भरलेली होती. खोके लग्नापुरते बाहेर अंगणात ठेवू, घरमालक काकूंना म्हणाले, परवा पुन्हा रचू, कुणी उघडणार नाही. काकू स्टोअररूमच्या दारात गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग किचनमधून सुरी घेऊन आल्या.

"अंगणात दव पडतं," त्या म्हणाल्या, आणि वरच्या खोक्याची टेप कापली.

पितळी परात निघाली. पुरणयंत्र निघालं. काकूंच्या स्वतःच्या लग्नात आलेला काचेचा डिनरसेट निघाला, मुंबईच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला. ते कागद मी सवयीने वाचायला घेतले, तर काकूंनी माझ्या हातात परात दिली. समई, सासूसासऱ्यांचा फोटो, भरतकाम केलेले पडदे, लाकडी पोळपाट. आम्ही नेऊन ठेवत गेलो, आणि कुठे ठेवायचं ते काकू न थांबता सांगत गेल्या. प्रत्येक वस्तूची जागा त्यांच्या मनात ठरलेली होती, आणि ती जागा त्याच घरातली होती. पडदे खिडक्यांना बरोबर बसले. संध्याकाळी सई पार्लरहून परत आली आणि दारातच थांबली. "आई, व्हेअर वॉज ऑल धिस?"

"भिंतीमागे," काकू म्हणाल्या.

लग्न लागलं. सईला भाऊ नसल्यामुळे लाह्या द्यायला आणि नवरदेवाचा कान पिळायला माझी नेमणूक झाली. या घरातलं माझं हे एकमेव अधिकृत पद. होम पेटला. धूर क्षणभर चौकटीत घुटमळला. मग तो वर गेला. वधूपित्याने बसायचं होतं तिथे घरमालक नव्हते. गुरुजींनी खूण केली म्हणून मी दाराबाहेर डोकावलो, तर ते रेशमी सोवळ्यात रस्त्यावर उभे राहून छपराकडे बघत होते. शेजारी कम्युनिटीचा गार्ड, तोही बघत होता. घरमालक परत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "निघतोय."

लाजाहोमाला जोडी उपरण्याच्या गाठीने बांधून डावीकडून निघाली, किचनमध्ये जिलब्या रचणाऱ्या केटररच्या माणसांमधून. गुरुजी भिंतीच्या अलीकडून मोठ्याने मंत्र म्हणत राहिले, म्हणजे पलीकडे ऐकू जावेत. जोडी उजवीकडून उगवली की पाहुणे टाळ्या वाजवत. स्टोअररूमची दारं आपोआप लागायची, ती धरायला काकू आत उभ्या होत्या. प्रत्येक फेरीत सई आईजवळून जात होती. तिसऱ्या फेरीला वेळ लागला. ओंकारही गाठीने बांधलेला असल्यामुळे तोही आला नाही. गुरुजींनी मंत्र थोडे लांबवले. मग दोघं बाहेर आली. सईचं काजळ पसरलं होतं आणि ओंकार छताकडे बघत होता. भिंतीमागे काय झालं, याबद्दल माझ्याकडे खात्रीलायक सूत्र नाही.

घर काही आठवड्यांत विकलं गेलं. घेणाऱ्या जोडप्याने फायरप्लेस चालते का, असं विचारलं. घरमालक सर्टिफिकेट आणायला उठले, तेवढ्यात काकूच बोलल्या, "आमच्या मुलीचं लग्न झालंय तिच्यात." सईने त्याचं इंग्रजी केलं. त्या जोडप्याला ते नीटसं कळलं नसावं. तिथे टीव्ही लावायचा त्यांचा विचार होता.

खोके पुन्हा भरले गेले. या वेळी काकूंनी त्यांच्यावर काय लिहायचं ते मला विचारलं. पुणेच ना, म्हणालो. त्यांनी मार्कर हातात घेतला आणि टोपण न काढता परत ठेवला.

निघायच्या सकाळी मी आणि फ्रान्सिस निरोपाला गेलो. सामान गेलं होतं, घर रिकामं होतं आणि बोलणं घुमत होतं. घरमालक एकेका खोलीत जाऊन भिंत वाजवत होते. निदान करत नव्हते, काही बोलत नव्हते. दोन टिचक्या आणि पुढे. शेवटी ते बैठकीत आले आणि फायरप्लेसच्या बाजूला उभे राहिले. ती भिंत त्यांनी वाजवली.

पलीकडून, रिकाम्या स्टोअररूममधून, दोन टिचक्या परत आल्या.

फ्रान्सिस माझ्या शेजारीच उभा होता, म्हणजे तो नव्हता. घरमालकांनी कान भिंतीला लावला आणि तसेच थांबले. मग पुन्हा वाजवली. पुन्हा उत्तर आलं.

"ब्लॉक आहे," ते आम्हाला म्हणाले.

"ऐकून झालं असेल तर चला," भिंतीमागून काकू म्हणाल्या. "टॅक्सी उभी आहे."